पिंगुळीचा गोठा एकदा पाहून या

गोठे पाहण्यात माझी तीस वर्षे गेली. गोठा दिसला की माझे डोळे आपोआप गव्हाणीकडे, मुताच्या नालीकडे आणि छपराच्या उताराकडे जातात. वारा कुठून येतो, शेणाचा उकिरडा विहिरीपासून किती लांब आहे, हे पाहिल्याशिवाय मला घरात जाऊन चहा घ्यायला सुचत नाही. कृषी खात्यातल्या माणसाची ही खोड आता जायची नाही. परंतु आज ज्या गोठ्याची हकिगत तुम्हाला सांगणार आहे, त्यात गाय नाही, म्हैस नाही, दाव्याला बांधलेले वासरूही नाही. तरीसुद्धा तो भरलेला आहे, आणि तुम्ही घरच्या मंडळींसह एकदा तो पाहून यावा असे मला मनापासून वाटते.

हा गोठा सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळी गावी आहे. राऊळ महाराजांच्या मठामुळे पिंगुळीचे नाव पुष्कळांना ठाऊक असते. त्याच गावात गुढीपूर नावाची वाडी आहे. तिथे ठाकर आदिवासी समाजाची वस्ती. चित्रे दाखवून कथा गाणारी चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ, सजवलेला बैल घेऊन दारोदार फिरणारा पांगुळ, राधानृत्य, अशा कितीतरी कला या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. सावंतवाडीच्या राजघराण्याचा त्यांना आश्रय होता. देवळांतून रात्री जागवायच्या त्या ठाकरांनी. पुढे आश्रय गेला, गावोगावी सिनेमा आला, मग घरात टीव्ही आला. देवळातला खेळ पाहायला माणसे बसेनात. ज्याच्या घरात पोथी त्याच्या घरात दारिद्र्य, असे दिवस आले आणि पोरे मुंबई-गोव्याची वाट धरू लागली.

अशा काळात परशुराम विश्राम गंगावणे या तिथल्या कलावंताने कला सोडली नाही. २००६ साली त्यांनी आपल्या घरचा गोठाच रिकामा केला, त्यात चित्रे, बाहुल्या, वाद्ये मांडली आणि त्याचे दार सर्वांना उघडे केले. ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ असे त्याचे नाव. २०२१ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली, तेव्हा वर्तमानपत्रांतून हे नाव तुमच्याही वाचनात आले असेल.

माझे तिथे जाणे झाले ते कलेसाठी नव्हे, काजूसाठी. माझी नेमणूक सध्या घाटावर आहे. गेल्या माघात आमच्या भागातल्या बचत गटाच्या बत्तीस बायका आणि त्यांच्याबरोबरची दहा-बारा पोरे घेऊन आम्ही वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रावर अभ्यास दौरा नेला होता. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती जिथे तयार झाल्या तेच हे केंद्र. काजू मोहरावर होता. मृदुकाष्ठ कलम कसे बांधतात, ते बायकांनी स्वतः बांधून पाहिले. जाताना आंबोलीमार्गे सावंतवाडीत उतरून राजवाडाही पाहिला होता. तिथल्या दालनात कारागीर बसून गंजिफा रंगवतात आणि येणारा माणूस त्यांच्या खांद्यावरून वाकून ते पाहू शकतो. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफांचा डाव एकशेवीस पानांचा. ही कला मरणपंथाला लागली असताना राजे शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकात ती वाड्यात आणून बसवली. सावंतवाडीची लाकडी खेळणी पांगाऱ्याची होत असत हे तिथे ऐकून आमच्यातली एक बाई म्हणाली, “आमच्याकडं पांगारा नुसता कुपणाला.” कोकणात त्याच पांगाऱ्यावर मिरवेल चढवतात, हे सांगायची संधी मी अर्थातच सोडली नाही.

परतताना कुडाळच्या अलीकडे पिंगुळी लागते. सायंकाळ व्हायला वेळ होता. ड्रायव्हरची कुरकुर होती, कारण त्याला उजेड असताना फोंडा घाट गाठायचा होता. तरी अर्धा तास म्हणून आम्ही उतरलो. निघालो तेव्हा अंधार पडून तास होऊन गेला होता.

संग्रहालय म्हटले की आपल्या मनात काय येते? तिकीट, काचेची कपाटे, ‘हात लावू नये’ची पाटी आणि स्टुलावर पेंगणारा शिपाई. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रकथीची जुनी चित्रे आहेत, आणि ती तिथे आहेत म्हणून टिकली. त्याबद्दल आपण केळकरांचे उपकारच मानले पाहिजेत. पण इथली गोष्ट वेगळी. इथे चित्रे भिंतीवर आहेत आणि ती गाणारा माणूस त्याच अंगणात राहतो. तुम्ही पाहुणे म्हणून येता आणि घरातलीच माणसे उठून तुम्हाला दाखवतात. हातातले काम बाजूला ठेवून दाखवतात म्हणा ना. आमच्या पोरांनी दोरीला टांगलेल्या बाहुल्या पाहिल्या आणि त्यांना राहवेना. घरातल्या एकाने बाहुली खाली काढली, तिचे दोरे एका पोराच्या बोटांत अडकवले आणि बोट कसे हलवायचे ते दाखवले. बाहुलीने मान डोलावली, तेव्हा ते पोर स्वतःच दचकले! बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. तेवढ्या एका गोष्टीने आमची मंडळी पाहुणी राहिली नाहीत.

मी मात्र सवयीने गव्हाण कुठे असेल ते शोधत होतो. आणि शोधता शोधता एका चित्रापाशी थबकलो.

चित्रकथीचे चित्र कसे असते ते आधी सांगतो. हातभर लांबीचा कागद. त्यावरची माणसे बहुधा एका बाजूने दाखवलेली, डोळे मोठे, हातात धनुष्य नाहीतर गदा. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, म्हणजे गाणाऱ्याने पान उलटले की कथेतला पुढला प्रसंग समोर येतो. अशा एका कथेच्या सबंध गठ्ठ्याला पोथी म्हणतात. आपण पोथी म्हणतो ती वाचायची, ही दाखवायची आणि गायची. कला फार जुनी. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख सापडतो. हे सगळे मला आज ठाऊक आहे. १९९६ साली नव्हते.

तेव्हा मी नोकरीत नवा होतो. कोकणातल्याच एका गावी, गाव कोणते ते सांगत नाही, काजूच्या रोपांसाठी खड्डे तपासायला गेलो होतो. काम आटोपल्यावर शेजारच्या घरातला एक म्हातारा मला बोलवायला आला. घराला वाळवी लागली होती. मी पाहिले. मातीच्या भिंतीवरून वाळवीच्या नळ्या थेट माळ्यापर्यंत गेल्या होत्या. माळ्यावर एक कापडात बांधलेला गठ्ठा होता आणि वाळवीचा मुक्काम नेमका त्यात. म्हाताऱ्याने तो खाली घेऊन सोडला. वरची आठ-दहा पाने जाळी होऊन गेली होती. खालच्या पानांवर लाल, काळा, हिरवा रंग दिसत होता. मोठ्या डोळ्यांची माणसे होती. पाने जोडीजोडीने चिकटवलेली होती.

म्हातारा म्हणाला, “सायबानू, हेका काय करुचा? वाडवडलांचा आसा ता.”

मी तेव्हा कॉलेजातून शिकून आलेले ज्ञान डोक्यात घेऊन फिरत होतो. वाळवी लागलेली वस्तू घरात ठेवू नये, ती जाळून टाकावी, नाहीतर वाशांना धोका. पुस्तकात असेच होते, आणि लाकडाच्या बाबतीत ते खोटेही नाही. मी म्हणालो, “आजोबा, हे आता कामाचं राहिलं नाही. अंगणात नेऊन पेटवून द्या, नाहीतर घर खाईल.” साहेबाने सांगितले म्हणून त्याने ऐकले. माझ्यासमोरच पेटवले. आधी गठ्ठ्याला हात लावून नमस्कार केला, मग काडी लावली. मी भिंतीला कोणते औषध किती पाण्यातून मारायचे ते चिठ्ठीवर लिहून दिले आणि पुढल्या गावाची एस.टी. पकडली.

पिंगुळीच्या गोठ्यात भिंतीवर तेच डोळे माझ्याकडे पाहत होते. सव्वीस-सत्तावीस वर्षे मला त्या गठ्ठ्याची आठवणही झाली नव्हती. मी किती पाने जाळायला लावली? चाळीस? पन्नास? त्यातली तीस तरी धड होती. मला माझ्या कामाचा अभिमान आहे आणि माझ्या सल्ल्याने पुष्कळांचे भले झाले असे मी मानतो. पण तो सल्ला मी ज्या विषयातले मला कळत नव्हते त्या विषयात दिला होता, आणि समोरच्याने ‘वाडवडलांचे आहे’ म्हणून मला दोन शब्दांत सांगितलेही होते. मी ऐकले नाही.

बरोबरच्या बायकांना मी हे काही बोललो नाही. तेवढ्यात बाहेर सतरंजी अंथरली गेली होती आणि खेळाची तयारी चालू होती.

चित्रकथी सुरू होते ती गणपतीच्या आणि सरस्वतीच्या चित्राने. गाणारा मांडी घालून बसतो, चित्र आपल्यासमोर उभे टेकवतो, साथीला वीणा, टाळ आणि हुडुक. आमच्या मंडळींना अहिरावण-महिरावणाच्या कथेचा थोडा भाग दाखवला. राम-लक्ष्मणाला पाताळात नेले, मारुती त्यांच्या शोधात निघाला. कथा आमच्या बायकांना तोंडपाठ. तरी पान उलटले की सगळ्या माना एकदम पुढे येत. मला त्यात एक गोष्ट दिसली ती सांगतो. सिनेमात चित्र पळते आणि आपण त्याच्यामागे धावतो. इथे चित्र हलत नाही. गाणारा सांगतो त्या जागी आपण चित्रात पाहायला लागतो, आणि मग ते हलल्यासारखे वाटते. माझ्या शेजारी बसलेली दुसरीतली पोरगी मारुतीची शेपटी चित्राच्या कडेबाहेर गेलेली पाहून आईला म्हणाली, “फुडच्या पानावर आसंल बघ.”

मग अंधार पडल्यावर चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या. पांढरा पडदा, मागे दिवा, पातळ चामड्यातून कापलेल्या आकृत्या. त्याचे वर्णन मी करत बसत नाही, ते पाहायलाच पाहिजे.

खेळ संपल्यावर जी प्रश्नोत्तरे झाली ती मला जास्त मोलाची वाटली. बायकांनी विचारले, एक चित्र रंगवायला किती दिवस लागतात, पोरींना शिकवता का, विकता का, विकल्यावर घरखर्चाला पुरते का. शेतकऱ्याच्या बाईला हिशेब कळतो. कुणी बिचकून विचारले नाही आणि कुणी बिचकून उत्तर दिले नाही. तीन-चार जणींनी छोटी चित्रे विकत घेतली. एक घासाघीस करायला लागली, तर तिला दुसरीनेच गप्प केले, “तुझ्या दुधाला कुणी चार रुपयं कमी देतो म्हटलं तर चालंल काय गं?”

आणि गाडीत बसताना आमच्या गटाची अध्यक्षा म्हणाली, “सायेब, आमचा गोठा हेच्यापरास मोठा हाय की!”

मला वाटले, बाई नुसते बोलली. पण तिने ते मनात धरले होते. तिच्या गावात गोंधळ्यांची दोन घरे आहेत. त्यांतल्या एका घरातले आजोबा संबळ वाजवण्यात पटाईत, पण लग्नाला बँड आणि डॉल्बी बोलावणाऱ्या लोकांनी त्यांना बोलावणे कमी केले होते. त्यांच्या मुलाला संबळ येत नाही, त्याचे ट्रॅक्टरचे गॅरेज आहे. अध्यक्षाबाईंनी आपल्या जुन्या गोठ्याची पडवी झाडून सारवून घेतली आणि चैत्रात, सुगी आटोपल्यावर, एक दिवस ‘सगळ्यांना दार उघडे’ म्हणून ठरवला. गावातली जुनी वाद्ये, गोधड्या, जात्याचे खुंटे, एका घरातली पितळी समई, असे पुष्कळ काही मांडले. मलाही बोलावले.

खरे सांगतो, तो पहिला दिवस फसला. दोष थोडा माझाही. मी आयुष्यभर मेळावे भरवले, त्यामुळे मी म्हटले, व्यासपीठ पाहिजे, पाहुणे पाहिजेत. व्यासपीठ आले म्हणजे हार-नारळ आले, हार-नारळ आले म्हणजे भाषणे आली. सव्वा तास सत्कार चालला. ज्यांच्यासाठी सगळे, ते आजोबा कमरेला संबळ बांधून एका कोपऱ्यात बसल्या बसल्या झोपी गेले. पोरे पळाली. गोधड्यांपुढे ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी कुणीतरी लावून ठेवली होती. ज्या बाईने ती गोधडी शिवली, तिलाच ती उलटून टाके दाखवता येईनात!

दिवाळीनंतर त्यांनी तोच दिवस पुन्हा केला. या खेपेला मला नुसते श्रोता म्हणून बोलावले. व्यासपीठ नाही, लाउडस्पीकर नाही. सतरंजी अंथरली. आजोबा सकाळपासून तिथेच बसले होते. संबळाचे चामडे चढवण्याचे काम त्यांनी मुद्दाम अर्धे शिल्लक ठेवले होते, आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते काम करत करत सांगत होते. पुरे झालेली वस्तू लोक पाहून पुढे जातात. अर्धी झालेली वस्तू पाहायला थांबतात, हे मी शेतातल्या प्रात्यक्षिकांत शेकडो वेळा पाहिले होते. शिवारफेरीत कापणी झालेल्या प्लॉटपाशी कोण थांबतो? मग आजोबांनी पोरांना एकेक करून वाजवायला दिले. पोरांनी जो गोंगाट केला तो अर्ध्या गावाला ऐकू गेला, आणि त्या गोंगाटानेच उरलेले गाव गोळा झाले. गॅरेजवाला मुलगा दुपारी हात पुसत आला. बापाशेजारी बसला. वाजवले नाही, पण चामडे ताणायला दोरी धरली.

तुमच्याही गावात असे एखादे घर असेल. वासुदेवाचे, गोंधळ्याचे, पोतराजाचे, बहुरूप्याचे, वारली चित्रे काढणाऱ्या बाईचे, किंवा नुसते उत्तम सुपे विणणाऱ्याचे. त्यांच्याकडे आपण पसाभर धान्य घालण्यापुरते पाहत आलो. अशा माणसासाठी एक पडवी आणि एक दिवस काढायला फार खर्च येत नाही. मात्र फुकट पाहू नका. खेळाचे पैसे आधी ठरवा आणि हातावर ठेवा. फोटो काढण्याआधी विचारा. आणि दिवस ठरवताना पेरणी-मळणी सांभाळा, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता १९९६ साली मी त्या म्हाताऱ्याला जे सांगायला हवे होते, ते इथे सांगतो. कुणाच्या तरी माळ्यावर अजून गठ्ठा असेल. जुन्या कागदाला, पोथीला, चित्राला वाळवी लागली तर जाळू नका. गठ्ठा उचलून सावलीत आणा. मऊ कोरड्या कुंच्याने वाळवी आणि माती हलकेच झाडा. पाने चिकटलेली असतील तर ओढून सोडवू नका. उन्हात घालू नका, रंग उडतात. रॉकेल, कीटकनाशकाची भुकटी, फवारा यांपैकी काहीही कागदावर मारायचे नाही. औषध मारायचे ते भिंतीला आणि लाकडाला, तेही गठ्ठा घराबाहेर असताना. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकमध्ये चढवून घेऊ नका. पुढे कुणा जाणकाराला दुरुस्ती करायची झाली तर मग काही करता येत नाही. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवा. ट्रंक भिंतीपासून वीतभर पुढे आणि चार विटांवर असावी. वाळलेला कडुलिंबाचा पाला वेगळ्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवला तर चालेल, पानांत घालू नये. प्लास्टिकची पिशवी नको, पावसाळ्यात आत घाम धरतो आणि बुरशी येते. वर्षातून एकदा, पाऊस सरल्यावर, उघडून सावलीत वारा द्या. आणि खाल्लेली पाने फेकू नका. अर्ध्या पानावरूनही चित्र पुन्हा काढता येते.

पिंगुळीला जायचे तर कुडाळला कोकण रेल्वेचे स्टेशन आहे, एस.टी. आहे, आणि मुंबई-गोवा महामार्ग जवळून जातो. कुडाळहून पिंगुळी अगदी लगत. आधी कळवून जा, घरातली माणसे कार्यक्रमाला बाहेरगावी गेलेली असू शकतात. पोरे बरोबर न्या. पावसाळा टाळा, आणि काजू-आंब्याच्या मोहराचे दिवस धरलेत तर वेंगुर्ल्याचे केंद्रही त्याच फेरीत पाहून होईल. सावल्यांचा खेळ पाहायचा तर मुक्काम कुडाळला ठेवा. ड्रायव्हरला अर्धा तास सांगू नका.